कोरडं पुडिंग

शिळ्या पावाचे तुकडे दुधाअंड्यात भिजत होते, वर मनुका पेरल्या होत्या. सॉससाठी लोणी-साखर वितळली, तशी गोबनेटने कपाटातून व्हिस्कीची बाटली काढली. बूच सैल लागलं. तिने नाक लावलं. वासच नाही.

रंग तर तोच, आणि बाटलीही गळ्यापर्यंत भरलेली. मग वास गेला कुठे?

तिच्या मनात पाल चुकचुकली. तिच्या नवऱ्याने, मॉर्टीने, दारू सोडून चार वर्षं झाली होती. पण सोमवारी बाटली घरात आली, तेव्हापासून तो सारखा पेपरमिंट चघळत होता. त्या वाईट दिवसांत ही खूण तिने पुरती ओळखली होती. काल तर तो पाठमोरा राहूनच बोलला.

जिभेवर थेंब ठेवला असता तर लगेच कळलं असतं. पण स्वेटरवर पवित्र हृदयाची टाचणी होती. सोळाव्या वर्षी घेतलेल्या व्रताची ती खूण, दारू थेंबभरही घ्यायची नाही. आपल्या हातचा सॉस तिने आजवर चाखला नव्हता. तिने चमचाभर तापल्या चुलीच्या पत्र्यावर ओतलं. चुर्र झालं, तपकिरी डाग राहिला आणि वास आला तो कोऱ्या चहाचा.

तेवढ्यात मॉर्टी जळणाची टोपली घेऊन आत आला.

"कुठे गेली रे?"

"काय?"

"वेड पांघरू नकोस. बाटलीत चहा आहे."

त्याने टोपली हळूच टेकवली. "मोरीत ओतली."

"अख्खी? आणि पेपरमिंट काय मोरीसाठी आणलंस?"

तो हसला नाही. "कपाटासमोरून जाताना तोंडात काहीतरी हवंच असायचं गं. बुधवारी हात बुचापर्यंत गेला. मग ओतूनच टाकली. उद्या घरी फादरांची मिस्सा, प्रार्थनेनंतर चार माणसं जेवायला, आणि तुझ्या सॉसची अशी वाट लावलेली. सांगायला धीर होईना, म्हणून चहा भरला."

"चार वर्षांपूर्वीही असंच गोड बोलायचास."

"मग ये, हुंगून बघ." त्याने पेपरमिंट थुंकलं आणि आ वासून उभा राहिला.

ती जवळ गेली. कांदा आणि तंबाखू, बाकी काही नाही. पण आजचं तोंड बुधवारची साक्ष कशी देणार?

"हूं," एवढंच म्हणून तिने सॉसमध्ये लिंबू पिळलं.

दुसऱ्या दिवशी मिस्सा आटोपली. फादर आणि शेजारीपाजारी टेबलाभोवती बसले, सॉसचा जग फिरू लागला. शेजारच्या हॅनाने पहिला घास घेतला.

"काय गं गोबनेट, यंदा हात आखडलास? उपवासाचा सॉस वाटतोय!"

सगळे हसले. मग जग मॉर्टीपुढे आला. चार वर्षं तो जग तसाच पुढे सरकवायचा आणि पुडिंग कोरडं खायचा. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. आज त्याचा हात जगाच्या कानावर थांबला. हॅनाचा चमचाही थांबला. त्याने ओतलं असतं, तर मॉर्टी पुन्हा प्यायला लागला, असं संध्याकाळच्या आत गावभर झालं असतं.

मॉर्टीने बायकोकडे पाहिलं. बुधवारी तो प्यायला नाही, अशी शपथ ती घेऊ शकत नव्हती. तिने त्याच्या हातातून जग काढून घेतला. सगळ्यांची नजर तिच्या टाचणीवर गेली. तिने आधी स्वतःच्या बशीत ओतलं, आणि मग त्याच्या बशीत, चांगलं भरपूर.

"खा," ती म्हणाली. "मीही आजच चाखतेय."

लिंबू अंमळ जास्तच झालं होतं.