उशीचं पत्र

कवळ्या बनवणाऱ्या त्या ऑफिसात सहा कम्प्युटर होते आणि सहांना मिळून एक रखवालदार. हे काही त्याचं नाव नव्हे, पण सगळे त्याला रखवालदारच म्हणत. मालक हे त्याच्या ताईचे यजमान, त्यामुळे नोकरी चटकन मिळाली. टिकवणं अवघड होतं.

"तीन महिने बघतो," भावजी म्हणाले होते. "जमलं तर कायम झाल्याचं पत्र देईन. नाही जमलं तर नातं घरी, ऑफिस संपलं."

ते पत्र दाखवल्याशिवाय शिंप्याच्या दुकानावरची खोली त्याला भाड्याने मिळणार नव्हती. तोवर मुक्काम भावजींच्या दिवाणखान्यात, जिथे भावजी रोज सकाळी येरझाऱ्या घालत गुळण्या करत.

त्याची नेमणूक एका व्हायरसच्या कृपेने झाली होती. कुणीतरी कम्प्युटरवर मांजरांचा खेळ उतरवून घेतला, त्याच्या शेपटीला धरून व्हायरस आत आला आणि त्याने गिऱ्हाइकांच्या जबड्यांची मापं एकमेकांत मिसळून टाकली. एका निवृत्त मुख्याध्यापकांना एका पहिलवानाची कवळी गेली. मुख्याध्यापकांना ती इतकी आवडली, की त्यांनी परत द्यायला साफ नकार दिला. पहिलवान अजून पातळ पदार्थांवर आहे.

रखवालदाराने आल्या आल्या व्हायरस पकडणारा प्रोग्रॅम बसवला, सगळ्यांचे पासवर्ड बदलले. कम्प्युटर सुधारले. माणसांचं तसं नव्हतं.

"मावशी, पासवर्ड कुणाला सांगायचा नसतो," तो टेलिफोनवाल्या मावशींना म्हणाला.

"सगळ्यांना कुठे सांगते? गोड बोलेल त्यालाच सांगते."

मापं नोंदवणाऱ्या काकांच्या पडद्यावर धोक्याची सूचना देणारी लाल चौकट उगवायची. काकांनी नेमक्या त्या जागी पुठ्ठा चिकटवला होता. "लाल रंग मला सोसत नाही रे," ते म्हणाले. "आता कसं शांत वाटतं."

मुदतीचा शेवटचा आठवडा उरला, तेव्हा रखवालदाराने शेवटचा उपाय काढला. आपणच एक खोटं पत्र सगळ्यांच्या कम्प्युटरवर पाठवायचं, कोण फसतं ते बघायचं आणि फसणाऱ्याला शहाणं करायचं. भावजींना त्याने आधीच विश्वासात घेतलं.

"झकास," भावजी म्हणाले. "शनिवारी मला यादी दे. जो फसेल तो घरी. मग कुणी का असेना."

सोमवारी पत्र गेलं. 'अभिनंदन. दिवसभर बसून आपली पाठ दुखते, हे आम्हाला ठाऊक आहे. आपल्यासाठी मऊ उशी मोफत. खालचं बटण दाबा.' बटण दाबलं की पडद्यावर अक्षरं यायची : 'आपण फसलात. यापुढे सावध राहा.'

नऊ मिनिटांत सहाच्या सहा जणांनी बटण दाबलं. 'आपण फसलात' हे कुणी वाचलं नाही. उशी घरपोच देण्याच्या अटी असतील, असं सगळ्यांनी गृहीत धरलं. काकांनी अकरा वेळा दाबलं. आणि सगळ्यात आधी, दहा वाजून दोन मिनिटांनी, दाबलं होतं ते भावजींनी.

रखवालदाराची पाचावर धारण बसली. खरी यादी दिली तर मालकासकट ऑफिस घरी. कोरी दिली तर कुणी फसतच नाही, मग रखवालदार हवा कशाला, हा प्रश्न. दोन्हीकडून खोली जात होती.

त्यातून मावशी रोज विचारायच्या, "अरे, उशा कधी येणार?"

"मावशी, ते पत्र खोटं होतं. मीच पाठवलं होतं."

"म्हणजे उशा तूच देणार? मग मला निळी ठेव."

शनिवारी त्याने यादी भावजींच्या टेबलावर ठेवली आणि खुर्चीच्या काठावर बसला. भावजींनी चष्मा लावून ती दोनदा वाचली.

"पहिलं नाव माझं आहे."

"हो. पण भावजी, तुम्हाला तर मी आधी सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस. मला वाटलं, खोटं पत्र वेगळं असेल. हे खरं वाटलं." त्यांनी यादी खाली ठेवली. "आपण दातांच्या डॉक्टरांना दर महिन्याला जाहिरातीचं पत्र पाठवतो. तीन वर्षं. आजवर किती जणांनी उघडलं?"

"दोघांनी."

"त्यातला एक मी. आणि तुझं पत्र नऊ मिनिटांत सहा जणांनी. तुझी जागा चुकली आहे." भावजींनी खणातून कागद काढून सही ठोकली. "आजपासून तू पत्रलेखन विभागात. कायम."

"म्हणजे मी आता लोकांना फसवायचं?"

"छे. कवळी खरोखरच द्यायची."

"आणि कम्प्युटर कोण सांभाळणार?"

"काका. अकरा वेळा फसलेत. एवढा अनुभव इथे दुसऱ्या कुणाला आहे?"

रविवारी त्याने शिंप्याच्या दुकानावर आपली ट्रंक नेली. सोमवारी सकाळी दोनशे डॉक्टरांना पत्र गेलं. जबड्याच्या वेदना, गिऱ्हाइकाचं हसू, खाली बटण. दुपारपर्यंत एकशे चाळीस डॉक्टरांची उत्तरं आली असावीत. असावीत म्हणायचं कारण, ती कुणी वाचली नाहीत.

"एकशे चाळीस अनोळखी माणसं," काका भावजींना सांगत होते. आवाजात पोलिसी जरब होती. "एकाच दिवशी, एकाच वेळी, एकच मजकूर. आम्हाला कवळ्या हव्यात म्हणे. मी ओळखलं. एकही न उघडता सगळी पुसून टाकली."

भावजींनी उठून काकांचा हात हातात घेतला. "याला म्हणतात रखवाली," ते म्हणाले, आणि मग मेहुण्याकडे वळले. "तू तीन महिन्यांत असं काही केलंस?"

त्याने खिशातला कागद उघडून पाहिला. कायम असंच लिहिलं होतं. घडी घालून तो पुढच्या महिन्याच्या पत्राला बसला.