अडीच इंचांचा पाट

करवतीला कार्बाइडच्या कडक दातांचं पातं घेण्यात विठूचा फायदा तिहेरी होता. मेहुण्यांचं भांडण मिटणार होतं. बायको सरू दोन वर्षांनी माहेरी जाणार, म्हणजे भाद्रपदात घरात भांडी आपटणं थांबणार होतं. तिसरा फायदा तो कुणाला सांगत नव्हता: असलं पातं त्याला वर्षभर हवंच होतं, आता घ्यायला देवाचं कारण सापडलं होतं.

विठू रोह्याच्या एका कंपनीत फिटर. वरसे गावात घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्याने सोळा इंची चाकांचा बँडसॉ, म्हणजे दोन चाकांवर पट्ट्यासारखं पातं फिरवणारी करवत, बसवला होता. शिफ्ट सुटली की लाकूड.

सरूचं माहेर पेणजवळ खाडीकाठी, मिठागरवाल्यांत. तिथे घरचा पाट पेणच्या कारखान्यात नेऊन देतात, गणपती त्याच पाटावर बसून घरी येतो. विसर्जनानंतर पाट तेवढा परत. बाप गेला, चुली वेगळ्या झाल्या, आणि थोरल्या जनूला, धाकट्या नाथाला, दोघांनाही बापाचाच पाट हवा झाला. नवा पाट करून देतो म्हटलं तर नाथा म्हणायचा, "नव्या पाटावर नवा देव बसंल. आमचा नाय." सरू एकाकडे गेली की दुसरा रुसणार. म्हणून ती कुणाकडेच जात नव्हती.

तोडगा विठूने काढला. फणसाचा पाट अडीच इंच जाड होता. तो कडेवर उभा धरून जाडीत चिरायचा, एकाचे दोन पातळ पाट. दोघे कबूल झाले आणि लगेच भांडले.

"भुसा किती जाईल?" जनूने विचारलं.

"दीड-दोन मिलिमीटर."

"कुणाच्या वाट्यातला?"

"गोळा करून दोघांना अर्धा अर्धा देईन, दादा!" सरू आतून ओरडली.

साधं पातं उपयोगाचं नव्हतं. वर्षानुवर्षं खाडीत बुडून पाटात मीठ आणि वाळू मुरली होती. पाटाखालची पट्टी काढून विठूने चिरून पाहिली, तर पोलादी दात बोथट झाले आणि पातं वाकडं पळालं. पाट असाच चिरला असता तर एकाला फळी आणि दुसऱ्याला पापड मिळाला असता. नागपंचमीला पाट कारखान्यात द्यायचे होते, मध्ये आठ दिवस.

पनवेलच्या दुकानात हितेशशेठने दोन पाती काउंटरवर ठेवली. एक इंचभर रुंद, भारदस्त. दुसरं अर्ध्या इंचाचं, किडमिडं.

"चाकं केवढी?"

"सोळा इंच."

"मग रुंद नको. त्याची पाठ जाड. लहान चाकावर वळून वळून जोडाशी तुटेल. हे घ्या. इंचाला तीनच दात, उंच लाकडातला भुसा बाहेर पडतो."

"पण रुंद सरळ जाईल ना?"

"तुटेपर्यंत एकदम सरळ जाईल."

विठू बाहेर पडला, चहा प्यायला, परत आला. रुंद पातं वाकवून पाहिलं, पुन्हा गेला. रोह्याची एक एसटी त्याने डोळ्यांदेखत सोडली.

"पातं घेताय की मुलगी बघताय?" हितेशशेठ म्हणाला. "आणि ऐका. कार्बाइडला वाळू चालते, दणका नाही चालत. खिळा लागला की दात उडालेच."

अखेर बारीकच घेतलं. दोन महिन्यांचा ओव्हरटाइम काउंटरवर राहिला.

नागपंचमीच्या आदल्या दिवशी दोघे मेहुणे हजर. विठूने जुन्या स्पीकरचं लोहचुंबक काढून पाटावर दोनदा फिरवलं, तरी विचारलं, "खिळा हाय का कुठे?"

"नाय," दोघे म्हणाले. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं होतं.

पातं रेषेवरून असं सरळ गेलं की भांडायला जागा उरेना. निम्म्यावर टण्ण झालं. विठूने मोटर बंद केली. पाच दात गायब, आणि चिरेत एक पांढरा गोटा. बापाने कधीतरी किड्याचं भोक खाडीतल्या गोट्याने बुजवून वर राळ ओतली होती.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"व्हय. तुमी खिळा इचारलात, भावोजी," नाथा म्हणाला. "गोटा कुठं इचारलात?"

पाट अर्धा चिरलेला, कुणाच्याच कामाचा नाही. नवं पातं आणायला दिवस नाही. जुनं लावावं तर वाकडं पळणार. विठू शेडमध्ये नुसता येरझाऱ्या घालू लागला. सरूने छिन्नीने गोटा उकरून काढला, भिंतीवरची दोन मुठींची करवत उतरवली आणि एकेक मूठ भावांच्या हातात दिली.

"आपापल्या बाजूची रेषा बघा. चुकलात तर स्वतःच्याच वाट्याला चुकाल."

पहिल्याच ओढीला करवत वाकली.

"ढकलतोस काय? नुसतं ओढायचं!" जनू खेकसला.

"तू सैल सोडशील तर ओढीन ना!"

"सोडतोय की!"

"मग बोलू नको, सोड!"

दात बोथट झाले की विठू कानस मारून द्यायचा. दिवेलागणीला पाटाचे दोन पाट झाले. अर्धे गुळगुळीत, अर्धे खरबरीत, जाडीला सारखे. सकाळच्या एसटीने दोन्ही पेणला गेले.

मग भाद्रपदात दोन्ही घरी गणपती आले आणि सरूला दोन्हीकडून बोलावणं. जनूच्या तळहाताला चार फोड आले होते, नाथाच्या पाच. त्यावरून कुणी जास्त ओढलं हा वाद अजून चालू आहे. पात्याचा खर्च विठूने सोसला, "आपल्यात काय हिशेब" असं मेहुणेच म्हणाले. दोन्ही घरच्या मोदकांचे नारळ खवले एकट्या सरूने. ती कंबर धरून वरसेला परतली, आणि पुढचे सहा दिवस तांदळाच्या भाकऱ्या विठूने थापल्या.