कापडी शिंगं

"डोकं हालवू नको वं माय, शिंग वाकडं होऊन राहिलं," दातांत दोरा धरून उन्मेष म्हणाला.

रेणूने ऐकायचं काही कारण नव्हतं. तिला अजून वर्षही झालं नव्हतं. तिने मान झटकली, डावं शिंग मुठीत पकडलं आणि सरळ तोंडात घातलं. उन्मेषला हे होणार हे ठाऊकच होतं. म्हणून तर जुन्या पायमोज्यांची ती शिंगं त्याने शिवण्याआधी चांगली उकळून घेतली होती. आत भरलेली कात्रणंसुद्धा.

दिपाली दारात उभी होती. रुग्णालयाचा गणवेश, खांद्यावर डब्याची पिशवी. तिची सदरला जाणारी बस चुकायची वेळ झाली होती, तरी पाय निघत नव्हता.

"तुम्ही खरंच हे घालून नेणार तिले? बर्डीच्या बाजारात इतके छान रेडिमेड ड्रेस मिळून राहिले. परीचा आहे, राधेचा आहे..."

"परी काहून? तान्हा पोळा आहे ना आज! सगळ्यांचे पोट्टे लाकडाचे बैल घेऊन येतीन. आपली तं पोट्टीच बैल."

"बैल नाही गा, गोऱ्हा म्हण," खाटेवरून उन्मेषचे वडील, नत्थूजी, म्हणाले आणि खोकत खोकत हसले. पोशाखाचं पांढरं कापड त्यांच्याच धोतराचं होतं. हातमागावर कधीकाळी त्यांनीच विणलेलं, आता धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. पाठीवरची झूल दिपालीच्या फाटक्या शालूच्या काठाची होती. गोंडे उरलेल्या लोकरीचे.

दिपालीने झुलीवरून बोट फिरवलं. काम सुबक होतं, ते तिला दिसत होतं. पण वॉर्डातल्या मैत्रिणी मुलांचे फोटो दाखवायच्या तेव्हा रेणूचे कपडे पाहून एकदा कुणीतरी विचारलंच होतं, "घरी शिवता का गं सगळं?" त्या 'सगळं'मधला खडा तिला अजून टोचत होता. ती उन्मेषला कधी बोलली नाही.

"गर्दीतून नका जाऊ," ती एवढंच म्हणाली. "मारबतीची मिरवणूक राहते आज. अन् ते पोरं पळवणाऱ्यांचे मेसेज पाहिले ना तुम्ही? वॉर्डात सगळ्या बाया त्याच्याच गोष्टी करून राहिल्या."

"अफवा राहते वं ते. जा तू, बस जाईन."

कळमेश्वरच्या कारखान्यात उन्मेष पॅकिंगला होता. रेणू पोटात असताना तो विभाग बंद पडला. दुसरं काम मिळेपर्यंत लेकीला आपण सांभाळायचं, असं त्याने ठरवलं आणि मग ते कामच त्याचं झालं. सुरुवातीला सगळं गरजेपोटी होतं. डायपर परवडेनात म्हणून वडिलांच्या धोतरांचे लंगोट फाडले. ते रिठ्याच्या पाण्यात धुऊन गच्चीवरच्या उन्हात वाळवले. धुण्याचं शेवटचं पाणी रंगाच्या रिकाम्या डब्यांत लावलेल्या मिरच्यांना घातलं. पुढे पुढे त्याला त्याची गोडीच लागली. तांडापेठेतल्या त्या गल्लीत कचरागाडी यायची, तेव्हा उन्मेषच्या हातात देण्यासारखं जेमतेम मूठभर असायचं. शेजारच्या यमुताई आधी हसल्या होत्या. मग नातवासाठी लंगोटाचं माप घ्यायला त्याच आल्या.

दुपार कलल्यावर तो निघाला. तान्ह्या पोळ्याची मुलांच्या पोशाखांची स्पर्धा महाल भागातल्या एका शाळेच्या पटांगणात होती. ई-रिक्षा चौकात येऊन थांबली. पुढे रस्ता बंद. मिरवणुकीला उशीर झाला होता आणि माणसांचा लोंढा अजून उतरत होता.

"इथूनच उतरा भाऊ, पुढे नाही जात," रिक्षावाला म्हणाला.

दिपालीचं बोलणं त्याला आठवलं. पण शाळा फार लांब नव्हती. त्याने रेणूला खांद्याशी घेतलं आणि कडेकडेने चालू लागला.

तेवढ्यात ढोल आले. अगदी कानाशी. त्यामागे रोगराई, महागाई सगळं घेऊन जा म्हणून मारबतीच्या पुतळ्याला घातलेली हजारो गळ्यांची आरोळी. रेणू दचकली. क्षणभर तिचं तोंड नुसतंच उघडं राहिलं आणि मग तिने टाहो फोडला. तिचा चेहरा लालबुंद झाला होता. त्याने अंगावरची ओढणीवजा चादर तिच्या डोक्यावरून घेतली, तिचे कान छातीशी दाबले आणि पहिली गल्ली दिसली तिच्यात जवळजवळ पळतच शिरला.

"ओ भाऊ! थांब गा!"

त्याला वाटलं, दुसऱ्या कुणाला.

"ए, तुलेच म्हणून राहिली! कोणाचं पोरगं आहे थे?"

एक बाई मागून धावत आली होती. कडेवर तिचं स्वतःचं मूल होतं, डोळे विस्फारलेले. उन्मेष थांबला.

"माही पोरगी आहे ताई. ढोलाले भेली."

"मंग झाकून काहून नेऊन राहिला?"

त्याने चादर काढली. ती काढायला नको होती, असं त्याला नंतर कितीतरी वेळा वाटलं. शिंगं, झूल, गोंडे असलेलं ते रडून रडून निळं पडत आलेलं मूल पाहून बाई एक पाऊल मागे सरली.

"पाहा वं बाप्पा! पोराचं रूप बदलवून नेऊन राहिला!"

गल्लीच्या तोंडाशी उभी असलेली माणसं आत वळली. चारदोन पोरं, मग त्यांच्यामागे आणखी. प्रत्येकाच्या फोनमध्ये आठवडाभर तोच मेसेज फिरत होता.

"पोरगा आहे का पोरगी?" पिवळा टी-शर्ट घातलेल्या एका तरुणाने विचारलं.

"पोरगी. रेणू नाव आहे."

"पोरीले बैल कोण बनवते बे?"

"स्पर्धा आहे. तान्ह्या पोळ्याची. म्या घरीच शिवला..."

"घरी शिवला म्हणते!" मागून कुणीतरी हसलं. "माय कुठं आहे हिची?"

"ड्युटीवर. नर्स आहे. फोन लावतो ना, थांबा."

त्याने खिशातून फोन काढला. फोन जुना होता. बॅटरी फुगली होती, पण चालतो आहे तोवर टाकायचा कशाला म्हणून त्याने तो रबर लावून वापरात ठेवला होता. पडदा काळा होता. त्याने बटण दाबलं, पुन्हा दाबलं. रेणूचे शेकडो फोटो त्या काळ्या पडद्यामागे होते.

"नंबर सांगतो. तुमच्या फोनवरून लावा. मले पाठ आहे."

पिवळ्या टी-शर्टवाल्याने नंबर लावला. रिंग वाजत राहिली. सगळी गल्ली ती रिंग ऐकत होती. कुणी उचलला नाही.

"वॉर्डात फोन जवळ ठेवू देत नाही," उन्मेष म्हणाला. आपला आवाज खोटा वाटतो आहे, हे त्याला स्वतःलाच ऐकू येत होतं. "पुन्हा लावा भाऊ. लावा ना."

"पोरगी दे इकडं पहिले."

"नाही देत."

"दे म्हणतो ना!"

हात पुढे आला आणि शिंगाला लागला. टाके तटतटले. शिंग त्या तरुणाच्या मुठीत राहिलं, आतली कात्रणं रस्त्यावर सांडली. रेणू किंचाळली. पहिली थप्पड कुठून आली ते उन्मेषला कळलंच नाही. दुसरी मानेवर बसली. पळालो तर संपलो, एवढंच त्याला उमजलं. तो मटकन खाली बसला, गुडघे पोटाशी घेतले, रेणूला मध्ये धरलं आणि तिच्यावर वाकून पाठीचं छप्पर केलं. पाठीत एक लाथ बसली. तो हलला नाही. "ओ... ओ... ओ," तो तिच्या कानात नेहमीच्या झोपवायच्या आवाजात म्हणत होता.

"मेला तं पोट्टी खाली चेंगरीन रे, मुडद्यांनो!"

गल्लीत पळसाच्या डहाळ्या विकायला बसलेली एक म्हातारी काठी टेकत मध्ये घुसली होती. रंभाबाई. त्या वस्तीत तिला सगळे नावाने ओळखत. तिने उन्मेषला ओळखत असल्याचा कसलाही आव आणला नाही. ती नुसती त्याच्या शेजारी रस्त्यावर फतकल मारून बसली.

"चोर असन तं पोलीस पाहीन. तोवर जो हात लावन त्यानं पहिले मले मारा."

"आजी, तू सरक. तुले माहीत नाही..."

"मले नाही माहीत. तुले माहीत आहे का?"

गर्दी हटली नाही, पण हात थांबले. तेवढ्यात बंदोबस्तावरची महिला शिपाई शिट्टी वाजवत आली.

चौकीत तिने रेणूला मागितलं. नियमच आहे म्हणाली. उन्मेषने दिली. त्या दिवसातलं सगळ्यात जड काम तेच होतं. पंख्याखाली टेबलाच्या पलीकडे त्याची लेक परक्या कडेवर आडवी होऊन रडत होती आणि तो बाकावर हात मांड्यांखाली दाबून बसला होता.

"आधार कार्ड?"

"माहं आहे. तिचं घरी आहे."

"जन्माचा दाखला? एखादा फोटो?"

"फोन बंद पडला मॅडम."

शिपाई बाईने त्याच्याकडे, मग रेणूच्या अंगावरच्या कपड्यांकडे पाहिलं. "इतके जुने कापडं काहून घातले पण? सणाच्या दिवशी लेकराले कोणी जुनं घालते का?"

जुनं कापड मऊ राहते मॅडम, अंगाले लागत नाही. हे उत्तर त्याने कितीतरी जणांना हसत दिलं होतं. आज ते ओठांवर आलंच नाही.

"तिले भूक लागली आहे," थोड्या वेळाने तो म्हणाला. "माह्या पिशवीत नाचणीची खीर आहे. तुम्ही चारा. पण डावीकडून चारा, उजवीकडे दात येऊन राहिला."

दिपालीचा फोन लागला तेव्हा उन्हं उतरली होती. ती गणवेशातच आली. तिला पाहताच रेणू शिपाई बाईच्या कडेवरून अर्धी खाली झेपावली. दिपालीने तिला घेतलं, आणि मग बाकावरच्या माणसाकडे पाहिलं. फुटलेला ओठ. शर्टावर पाठीमागे बुटाचा ठसा.

"हा नवरा आहे तुमचा?"

"हाव," दिपाली म्हणाली. मग आवाज चढवून, चौकीच्या दाराबाहेरपर्यंत जाईल असं म्हणाली, "नवरा आहे माहा. अन् हिचा बाप आहे. हे कपडे त्यानंच शिवले."

दाराबाहेर ती बाई उभी होती. इतका वेळ गेली नव्हती. आपल्या मुलाला घट्ट धरून ती रडत होती. "भाऊ, मले वाटलं... पोरगी लय रडून राहिली होती जी. मले वाटलं, कोणाची असन..."

उन्मेषने तिच्याकडे पाहिलं. तिच्यावर रागवावं असं त्याला खूप वाटलं. पण उद्या खरंच कुणी रेणूला घेऊन चाललं, तर अशीच कुणीतरी मागे धावायला हवी होती. त्याने मान हलवली. त्या मान हलवण्याचा अर्थ त्याचा त्यालाही कळला नाही. पिवळा टी-शर्ट कुठेच दिसत नव्हता.

"तक्रार देता?" शिपाई बाईने विचारलं.

"कोणाच्या नावानं देऊ?" उन्मेष म्हणाला.

घरी नत्थूजी जागेवर उठून बसले होते. दिवा लावला नव्हता. "नंबर आला का गा गोऱ्ह्याचा?"

"गर्दी लय होती बाबा. पोहोचलोच नाही आम्ही."

दिपाली दिव्याच्या बटणाशी गेली आणि तशीच थांबली. उन्मेष आत जाऊन तोंड धुऊन येईपर्यंत तिने दिवा लावला नाही.

त्यानंतर उन्मेष रेणूला घेऊन बाहेर पडेना. भाजी दिपालीच कामावरून येताना आणू लागली. यमुताई दोनदा बोलवायला आल्या, तर पोरगी झोपली म्हणाला. एरवी गच्चीवर लंगोट वाळत घालताना त्याला खालून हाका मारून गप्पा मारणारी गल्ली होती. आता तो पहाटेच घालून यायचा आणि खिडकीशी बसून रेणूला रस्ता दाखवायचा. ती रस्त्याकडे हात करायची. तो तिचा हात हळूच आत घ्यायचा.

"लसीची तारीख आहे उद्या," एका संध्याकाळी दिपाली म्हणाली. "मले सुट्टी नाही मिळून राहिली. यमुताईंले पाठवू का तुमच्या संगं?"

"नको. मी नेतो."

स्वयंपाक उरकून ती बाहेरच्या खोलीत आली, तेव्हा शिलाई मशीन चालू होती. उन्मेष रेणूच्या झबल्यावर वाकला होता. झबलं उलटं केलेलं होतं आणि आतल्या बाजूने, पोटाच्या जरा वर, तो एक चौकोनी तुकडा शिवत होता.

"झबल्याले खिसा? तोही आतून?"

मशीनच्या फळीवर रेणूच्या जन्मदाखल्याची झेरॉक्स होती. छोटी घडी घातलेली, दुधाच्या पिशवीच्या धुऊन पुसलेल्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून कडा मेणबत्तीने चिकटवलेली.

दिपालीने ती पुडी उचलून पाहिली. मग तिने त्याच्या शेजारी स्टूल ओढलं. पुडीचे चारही कोपरे कात्रीने अलगद गोल केले, एकेका कोपऱ्यावरून बोट फिरवून तो टोचत नाही ना ते पाहिलं, आणि टाके पुरे होईपर्यंत ती हातात धरून बसून राहिली.