कात्रपचा नळ

रामभाऊंनी मोरिवलीच्या कंपनीत तेहतीस वर्षं काढली, आणि बायकोला दाखवलं काय, तर टिटवाळा! डॉक्टरांनी गयाबाईंचे डोळे तपासून सांगितलं की काचबिंदू पुढे गेलाय, नजर फार तर वर्षभर टिकेल. तेव्हा कुठे ह्या गृहस्थाला जाग आली. उरलेल्या नजरेला काहीतरी सुंदर दिसू दे, म्हणून त्यांनी कुलू-मनालीची टूर बुक केली.

निघाले त्या सकाळी घरी, कात्रपमध्ये, पाणी आलं नव्हतं. कल्याण सुटलं तशा गयाबाई दचकल्या.

“अहो, पाणी आलं का बघायला मोरीतला नळ सोडला होता मी. बंद केला का हो?”

झालं! रामभाऊंनी शेजारच्या विनिताला फोन लावून बायकोच्या हातात दिला.

“काकू, दाराखालून थेंबही नाही आला,” ती म्हणाली.

“मोरीतून वाहून जाईल गं, दाराखाली कशाला येतंय?”

“तुम्ही निघाल्यावर पाणी आलं, बिल्डिंगची टाकीपण भरलेली आहे, काकू.”

“माझं मन राखायला सांगतेय पोर,” गयाबाई फोन ठेवून म्हणाल्या.

मनालीला वर बर्फात टूरमधली माणसं लोळत होती. गुडघे गेलेले शंकररावसुद्धा ‘जन्माचं सार्थक झालं’ म्हणत नाचत होते. गयाबाई शाल घट्ट धरून उभ्या.

“गया, बघ ना गं. डोळे भरून बघ.”

“बघतेय की. एवढं पाणी नुसतं पडून आहे इथे. आणि आपल्याकडे नळ...”

“खड्ड्यात गेला तो नळ!” रामभाऊ ओरडले.

गयाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि रामभाऊंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्वभावाला औषध नसतं म्हणतात. इथे तर डोळ्यांनाही नव्हतं. माणसाने करायचं तरी काय? आठ दिवस ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले, एकदा तरी हसेल म्हणून.

घरी आल्यावर गयाबाई चपलांसकट मोरीत धावल्या. नळ घट्ट बंद होता. बाहेर येऊन त्या सोफ्यावर बसल्या आणि पोरीसारख्या खुदकन हसल्या.

“अहो, आता निवांत सांगा. बर्फ कसा होता?”

रामभाऊंनी आठवून बघितलं. तिच्या तोंडाशिवाय काही आठवेना.

“पांढरा होता,” ते म्हणाले.

गयाबाई डोळे मिटून ऐकत होत्या. “आणि?”