बैठक काढलेली बर्फगाडी

चाकं शोधू नका, मला ती नाहीत. पुढे दोन स्की, पोटाखाली दातेरी रबरी पट्टा, मधे इंजिन आणि वर भरपूर मिजास, असा माझा एकूण डौल. मी बर्फगाडी बोलतेय. वय झालंय, एका कुशीचा रंग पोपडे धरून उडालाय, पण चढ्या आवाजात बोलायची खोड काही गेली नाही. आज हवा मोकळी आहे आणि वर्ना आत कॉफी पितेय. तेवढ्यात माझी हकिगत सांगून टाकते.

जन्म कारखान्यातला. त्यात विशेष काही नाही. माझ्यासारख्या शेकडो जणी तिथं रांगेत उभ्या होत्या आणि प्रत्येकीला वाटत होतं, आपणच राणी. मला घेतलं कोडीनं. दाढीचे केस चार आणि अक्कल त्याहून जरा कमी, असं त्याचं वय. पण प्रेम होतं हो त्याचं! घरी नेल्या नेल्या त्यानं माझा सायलेन्सर काढून फेकला आणि कर्कश नळी बसवली. हँडल चांगलं वीतभर उंच केलं. क्लच असा करून घेतला, की रेसच्या खटक्यावर अंगठा नुसता टेकवला तरी मी उसळी मारावी. कोडी "यीऽऽहा!" करून ओरडायचा, मी त्याच्यावर ताण करायचे. चार हिवाळे आम्ही दोघांनी एल्डर फोर्कचं खोरं डोक्यावर घेतलं.

हौसेला मोल नसतं म्हणतात. नसेल, पण हौसेला मुदत असते. पाचव्या वर्षी नवी आली, हिरवीगार, माझ्याहून लांब पट्ट्याची. मी गोठ्यामागे गेले. उंदरांनी माझ्या हवेच्या डब्यात तीन बाळंतपणं उरकली. उन्हाळ्यात स्कीमधून गवत वर आलं. वापरून झालेल्या वस्तूकडे माणूस बघत नाही, आणि बघितलंच तर तिच्यावर काही ठेवता येईल का एवढंच बघतो. कोडीनं माझ्यावर जुने टायर रचले. मला, बिनचाकीला, टायर! आजही आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

तिथून मला बाहेर काढलं ते कोडीच्या आत्यानं. वर्ना तिचं नाव. सगळा जन्म तिनं खोऱ्यातल्या शाळेची पिवळी बस चालवली. बर्फात रस्ता कुठे संपतो आणि ओढा कुठे सुरू होतो हे तिला झोपेतही कळायचं. पण त्या वर्षी आमची शाळा पलीकडच्या गावातल्या शाळेत मिळवली आणि बस बंद झाली. वर्नाची लेक टेस दूर शहरात, बोइझीला राहते. तिनं फोन करून सांगितलं, "आई, आता तिकडे एकटी काय करणार? आमचं तळघर रिकामंच आहे. मी रंगसुद्धा लावून घेतलाय."

वर्नाला ते तळघर नको होतं. तिला हे खोरं हवं होतं. आणि खोऱ्यात एकच काम उरलं होतं, ते म्हणजे लॉइडचं.

लॉइड म्हणजे आमचा बर्फ मोजणारा. हिवाळ्यात दर महिन्याला वरच्या पठारावर जायचं, बर्फात नळी रोवायची आणि त्या बर्फाचं वजन करायचं. त्यावरून खालच्या बटाट्याच्या शेतांना अन् गावांना कळतं, की उन्हाळ्यात नदीला पाणी किती येणार. आता लॉइडच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला होता. मोजणीच्या कचेरीनं कळवलं, "मार्चच्या मोजणीला स्वतःच्या बळावर वर जाऊन माप आणणारं माणूस दाखवा, नाहीतर ते ठिकाण बंद करतो."

वर्ना उभी राहिली आणि म्हणाली, "मी जाईन." बर्फगाडीवर ती जन्मात बसली नव्हती. तरी मला मागायला ती कोडीच्या गोठ्यामागे आली.

"आत्या, तू?" कोडी हसून हसून लोळायचा बाकी राहिला. "तू वळणावर हॉर्न देतेस! घेऊन जा हिला, पण चालवू नकोस. अंगणात ठेव आणि फुलझाडं लाव हिच्यात."

"गाढवा, बसमध्ये रोज ओकायचास तेव्हा पुसायचं कोण? मला शिकवू नकोस. आधी ते टायर उचल."

टायर उतरले तशी मी मनात म्हटलं, बाई, तुझं भलं होवो.

वर्नानं मला लॉइडच्या शेडमध्ये नेलं. लॉइडनं टाकीतलं सडकं पेट्रोल काढलं, उंदरांचा संसार बाहेर काढला, प्लग बदलले, कुरतडलेल्या नळ्या बदलल्या. माझ्या पट्ट्याचे दाते झिजून बोथट झाले होते. कुणाच्या तरी मोडलेल्या गाडीचा उंच दात्यांचा पट्टा त्यानं मला चढवला. इथवर मी खूश होते. मग त्यानं माझी ती कर्कश नळी काढली आणि साधा सायलेन्सर लावला. हँडल वर्नाच्या उंचीला खाली आणलं. शेवटी क्लच उघडून आतली वजनं बदलायला घेतली.

"हिची ताकद काढून घेताय की काय?" वर्नानं विचारलं.

"ताकद आहे तिथंच आहे. मागितल्याशिवाय द्यायची नाही, एवढं शिकवतोय. वर हवा विरळ, त्यात तू नवशिकी. ही उधळली तर तुला देवदारावरून खाली काढावं लागेल."

मी आतल्या आत धुमसत होते. माझा आवाज गेला, माझी उसळी गेली. वर त्या म्हाताऱ्यानं सायलेन्सरवर पत्र्याचा डबा बसवला, एल्क हरणाच्या मांसाच्या सॉसेजा गरम करायला! डोंगराची राणी ती, तिच्या पोटावर आता स्वयंपाक!

पण माझी खरी परीक्षा पुढेच होती. बसवाल्या माणसाच्या हाडीमासी दोन गोष्टी भिनलेल्या असतात. एक म्हणजे ताठ बसणं आणि दुसरी म्हणजे भीती वाटली की ब्रेक. डोंगरात दोन्ही घातक. उताराला आडवं जायचं तर उभं राहावं लागतं. अंग डोंगराकडे झोकून द्यायचं, हँडल उलट दरीकडे धरायचं आणि रेस सोडायची नाही. ब्रेक लावला की पट्टा थांबतो, आणि मऊ बर्फात थांबलेली गाडी म्हणजे विहिरीत टाकलेली घागर.

वर्ना ताठ बसायची आणि ब्रेक लावायची. मी हँडलपर्यंत रुतायचे. लॉइड ओंडक्यावर बसून थर्मास उघडायचा.

"अहो, हात लावा की जरा!"

"वर कोण लावणार आहे? खोद."

ती खोदायची. मला मेली म्हणायची, लॉइडला थेरडा म्हणायची आणि फावडं मारायची. बाहेर निघालो की पन्नास पावलांवर पुन्हा रुतायचो. इंजिन खोकलं तर ती सवयीनं ओरडायची, "मागच्या बाकावरचे, गप्प!" आणि मी खरंच गप्प व्हायचे. काय करणार, आवाजात जरबच तशी होती.

जानेवारीतल्या एका दुपारी असंच खड्ड्यात रुतलेल्या माझ्या बैठकीवर बसून ती रडली. हातमोज्यानं नाक पुसत म्हणाली, "लॉइड, नाही हो जमत. टेसला सांगते, येते म्हणून." लॉइड थर्मासचं झाकण लावत राहिला. मला मात्र फार लागलं. कोडीबरोबर मी इतक्या उड्या मारल्या, पण माझ्यामुळे कुणाचं घर सुटेल असं कधी वाटलं नव्हतं. त्या दिवशी मी ठरवलं, आता मिजास पुरे. ही बाई जेवढं मागेल तेवढं जीव तोडून द्यायचं.

दुसऱ्या दिवशी वर्ना निरोप घ्यायला म्हणून शेडमध्ये आली, तर माझी बैठक गायब. लॉइडच्या ओसरीवर पडलेली, आणि तिच्यावर त्याचं मांजर झोपलेलं.

"हा काय चावटपणा?"

"मांजराला आवडली."

"मग मी बसू कशावर?"

"तेच तर. बसायचंच नाही." लॉइडनं तिच्या हातात किल्ली दिली. "बसलेलं माणूस घाबरलं की ब्रेक शोधतं. उभं असलेलं घाबरलं की तोल शोधतं. बोइझीला जायचंय ना? जा. आधी एक चक्कर मारून जा."

माझी अवस्था विचारू नका. टाकी उघडी, वायरी उघड्या, सगळ्या गावादेखत ही शोभा! कोडीनं तर फोटो काढले. पण वर्ना उभी राहिली. उभी राहिली तशी तिचे गुडघे मोकळे झाले, खांदे सैलावले. मी डावीकडे कलले, ती उजवीकडे आली. रुतायच्या बेतात होते तेवढ्यात सवयीनं तिचा हात ब्रेककडे गेला, पण तोल सांभाळताना अंगठा रेसवर दाबला गेला आणि मी सुटले! ती एवढ्या मोठ्यानं हसली, की झाडावरचा बर्फ पडला. बोइझीचं नाव त्या दिवशी पुन्हा निघालं नाही. फेब्रुवारीभर आम्ही दोघी उभ्याउभ्याच डोंगर शिकलो.

मार्चचा पहिला दिवस उजाडला. हिमकडे कोसळायचा धोका त्या दिवशी कमी होता, तरी वर्ना, लॉइड आणि सोबतीला आलेला कोडी, तिघांनीही छातीला सिग्नलचं यंत्र बांधलं होतं, कुणी गाडलं गेलं तर सापडावं म्हणून. लॉइडनं माझी बैठक परत बसवली होती. वर्नानं तिच्यावर मोजायच्या नळीचे तुकडे दोरीनं आवळून टाकले. शेवटच्या उतारापर्यंत लॉइड आला. पुढे त्याचे गुडघे जाणार नव्हते. त्यानं रेडिओ तोंडाशी धरला. "एका वेळी एकच. मधे थांबायचं नाही. कुणी अडकलं तरी नाही. दोन गाड्यांचं वजन त्या उतारावर नको."

कोडी आधी निघाला. त्याच्या हिरवीनं काय डरकाळी फोडली! अर्ध्या उतारावर त्यानं भलतीच रेस दिली, पट्ट्यानं स्वतःचाच खड्डा खणला आणि हिरवी घसरत घसरत खाली ओढ्याच्या घळीत जाऊन पडली. कोडी बर्फातून डोकं काढून हात हलवू लागला. धडधाकट होता. हिरवी मात्र पाठीवर पडली होती. मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

आता आमची पाळी. वर्नानं दोन्ही पाय डोंगराकडच्या पायरीवर घेतले, अंग झोकलं आणि आम्ही उतारात शिरलो. खाली दरी, वर पांढरी भिंत. कोडीच्या खड्ड्याशी आलो तसं तिचं लक्ष भाच्याकडे गेलं. लहानपणापासून बसमधून उतरवलेलं पोर ते! तिचा पाय हलला, बोटं ब्रेककडे सरकली. माझा पट्टा मंदावला, मागची बाजू दरीकडे घसरू लागली. गेलो, गेलो असं मला झालं.

"मागचे, खाली बसा!" वर्ना गरजली. मला की स्वतःच्या भीतीला, देव जाणे. आणि तिनं अंगठा दाबला.

मागितलं हो तिनं माझ्याकडे! इतके महिने जपून ठेवलेलं सगळं मी दिलं. उंच दात्यांनी बर्फ धरला, डोंगराकडची स्की कड्यात रुतली, दुसरी हवेत तरंगली आणि आम्ही त्या भिंतीवर सरळ रेघ ओढत गेलो. कर्कश नळी नव्हती, उसळी नव्हती, पण अशी मी आयुष्यात कधी धावले नव्हते. पठारावर पोचलो तेव्हा वर्ना दोन्ही हात वर करून नुसती ओरडत होती, आणि मी तिच्याखाली थरथरत होते.

मग ती उतरली. नळीचे तुकडे जोडले आणि बर्फात रोवले. नळी तिच्या डोक्यावर कितीतरी उंच. पिळत, रेटत ती खाली घालवत राहिली. एकदा काढली तर आत नुसता बर्फ. पुन्हा घातली. सगळं वजन टाकून लोंबकळली तिच्यावर. ओढून काढली, टोक तपासलं आणि बर्फात मटकन खाली बसली.

रेडिओ खरखरला. "वर्ना, माती आली का?" लॉइड विचारत होता. नळी जमिनीला टेकल्याशिवाय माप धरत नाहीत.

"आली," वर्ना म्हणाली. "काळी आहे, लॉइड. बोटभर आलीय. गवताच्या मुळांचा वास येतोय तिला."

मग लॉइड खाकरला. "तर मग टेसला कळव, तळघरात बटाटे ठेव म्हणावं."

तेवढ्यात कोडी फावडं खांद्यावर टाकून, धापा टाकत वर आला. त्यानं उतारावरची आमची रेघ निरखून पाहिली. "आत्या," तो म्हणाला, "ही गाडी परत देतेस का?"

"फुलझाडं लावलीत तिच्यात," वर्ना म्हणाली.

आज आमचा तिसरा हिवाळा चाललाय. बर्फ मोजणारी म्हणून खोऱ्यात वर्नाचं नाव घेतात, आणि वर्नाची गाडी म्हणून माझं. तुमच्याही परसात एखादं यंत्र टायरांखाली पडलं असेल. ते भंगारात घालण्याआधी एवढं करा, ज्याला कुणी "तुला जमणार नाही" म्हटलंय, अशा एखाद्या माणसाच्या हाती ते द्या. बाकीचं ते दोघं बघून घेतील.

बरं, वर्ना आली. सरका बाजूला. निघताना माझा बर्फ उडतो, आणि मी कुणाची माफी मागत नाही.