राखाडी कोट

मावशींनी हिरवा टी-शर्ट घालायला साफ नकार दिला, आणि त्या दिवसाच्या सगळ्या भानगडीला तिथूनच तोंड फुटलं.

टी-शर्टात खोट नव्हती. याच कारखान्यात तो रंगला होता आणि त्याचा रंग खुद्द मावशींनीच पास केला होता. कापड रंगवायच्या या कारखान्यात त्या सव्वीस वर्षं शेड, म्हणजे रंगाची छटा, तपासत होत्या. रंगवलेल्या प्रत्येक लॉटचा तुकडा त्यांच्या टेबलावर यायचा. गिऱ्हाइकाने पसंत केलेल्या तुकड्याशेजारी तो ठेवायचा, बघायचं आणि ‘पास’ किंवा ‘परत’ म्हणायचं. त्यांनी ‘परत’ म्हटलं की पुढे कुणाचं काही चालत नसे. आता हे काम करणाऱ्याने अंगावर रंगीत काही घालून चालत नाही. लाल कपडे घालून पांढऱ्यापुढे बसलं की पांढऱ्यावर लाली चढते. म्हणून मावशींच्या अंगात गळ्यापर्यंत बटणं लावलेला राखाडी कोट, टेबलावर राखाडी पुठ्ठा आणि समोर मोठी खिडकी. कोटाखाली त्या काय घालतात, हे कारखान्यात कुणाला ठाऊक नव्हतं.

“एका दिवसाचा तर प्रश्न आहे, मावशी,” मॅनेजर म्हणाले. “आज सगळं जग हिरवं घालतंय.”

“जगाला शेड बघायची नसेल, साहेब. मला बघायचीय.”

नदी-ओढ्यांच्या पाण्यासाठीची ही मोहीम खरोखरच जगभरची होती आणि मावशींना ती मनापासून आवडली होती. ज्याने त्याने आपल्या जवळच्या वाहत्या पाण्याची एक बाटली भरायची, तिच्यावर चिठ्ठी चिकटवायची आणि उन्हात मांडायची. चिठ्ठीवर तीन ओळी. पाणी कुठलं, भरलं कुणी, रंग कोणता. कुठल्या कुठल्या मुलखांत माणसं आज पाण्याशी वाकून बाटल्या भरत असतील, या विचाराने त्यांना आठवडाभर बरं वाटत होतं. मोहिमेचे टी-शर्ट रंगवायचं काम या कारखान्याला मिळालं होतं, त्यामुळे मोहिमेच्या बाई आज स्वतः भेट द्यायला येणार होत्या.

गेटच्या आत पटांगणात टेबलं लागली होती आणि त्यांवर दोनशे बाटल्या, भरून तयार. मावशी जवळ गेल्या आणि त्यांचं डोकंच सटकलं. बाटल्यांत ऑफिसच्या फिल्टरचं पाणी होतं. चिठ्ठ्या छापून घेतलेल्या होत्या. ‘कारखान्यामागचा ओढा. रंग: काही नाही.’ सगळ्यांच्या पुढे टेबलावर एक फलक आडवा ठेवला होता, त्यावर ‘रंग तपासला’ असं लिहून खाली सहीपुरती जागा सोडली होती.

“तुमची सही बाहेरचे लोकही ओळखतात,” मॅनेजर लाडात येऊन म्हणाले. “तेवढी खरडून टाका.”

“ओढ्यावर कोण गेलं होतं?”

“वेळ कुठे होता? पाणी इथून तिथून सारखंच.”

“मग ओढ्याचं आणायला काय धाड भरली होती?”

कुणी ओढ्यावर का गेलं नाही, हे मावशींना पक्कं माहीत होतं. कापड धुतलेलं पाणी टाकीत साठवायचं, औषध घालायचं, रंग तळाशी बसला की वरचं निवळ पाणी सोडायचं, अशी रीत होती. त्यात दिवस मोडतो. टी-शर्टांची घाई सुरू झाली तसं पाणी टाकीला वळसा घालून थेट ओढ्यात जायला लागलं. टाकीचा व्हॉल्व्ह फिरवणारा माणूस म्हणजे मावशींचा धाकटा दीर. त्याला इथे चिकटवलं होतं त्यांनीच. तीन आठवडे ओढा हिरवा वाहत होता आणि तीन आठवडे मावशी मूग गिळून बसल्या होत्या. त्यांना स्वतःची लाज वाटत होती. फलकावरची ती कोरी जागा बघितली आणि लाजेचा संताप झाला.

सही न करताच त्यांनी एक रिकामी बाटली उचलली आणि मागच्या दाराने निघाल्या. टाकीपाशी दीर आडवा आला. त्याच्याही अंगात हिरवा टी-शर्ट होता.

“वहिनी, नका ना. हुकूम साहेबांचा, पण तोंडी. व्हॉल्व्हवर हात माझा. ते हात वर करतील आणि मी लटकेन.”

“माहितीय.”

“दोन पोरी आहेत मला.”

“त्या माझ्याही आहेत, भाऊजी. धाकटी परवा ओढ्यात खेळून आली, तेव्हा तिचे पाय कुणी घासले? मी. तीनदा साबण लावला तरी रंग हटेना. पक्का रंग आहे. मीच पास केलाय ना!”

दीर वाटेतून हलला नाही. मावशी त्याला वळसा घालून ओढ्याकडे गेल्या. त्या पाण्याशी वाकल्या. ही बाटली टेबलावर ठेवली की दिराच्या घरची चूल अडचणीत येणार, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. तरी त्यांनी बाटली गळ्यापर्यंत भरली.

त्या परतल्या तेव्हा मोहिमेच्या बाई येऊन पोहोचल्या होत्या. गळ्यात कॅमेरा आणि अंगात तोच टी-शर्ट. भोवती सगळा कारखाना हिरवागार उभा होता. मावशींनी हाताने लिहिलेली चिठ्ठी चिकटवून आपली बाटली फलकासमोर ठेवली. बाईंनी चिठ्ठी वाचली. ‘कारखान्यामागचा ओढा. भरलं: शेड तपासणारी. रंग: ४१२.’

“चारशे बारा म्हणजे काय?”

“टी-शर्टाचा शेड नंबर,” मॅनेजर हसत मध्ये पडले. “आमच्या मावशी जरा गमतीशीर आहेत. अहो, एवढी माणसं हिरव्यात उभी, तर पाण्यात हिरवं दिसणारच! या बाकीच्या बाटल्या बघा की.”

बाईंनी पाहिलं. बाकीच्या बाटल्यांतही हिरवी झाक होती. साहेब अगदीच खोटं बोलत नव्हते आणि म्हणूनच ते सहज खपून गेलं असतं. बाई मान डोलावू लागल्या.

“बरी आठवण केलीत, साहेब,” मावशी म्हणाल्या. “म्हणून तर मी तो घातला नाही. हिरवे सगळे वीस पावलं मागे व्हा. बाई, तुम्हीसुद्धा.”

सव्वीस वर्षं ज्या आवाजात त्यांनी ‘परत’ म्हटलं होतं, तोच हा आवाज होता. आधी मशीनवाल्या बायका मागे सरकल्या, मग सगळेच. बाईही सरकल्या. साहेबांना एकट्याने पुढे उभं राहवेना, तेही गेले.

मावशी टेबलापाशी एकट्या उरल्या. त्यांनी येताना आपल्या टेबलावरून आणलेला राखाडी पुठ्ठा उभा केला, क्षणभर त्याच्याकडे बघून डोळे निववले, रोज बघायच्या तसंच. मग पुठ्ठ्यापुढे दोन बाटल्या धरल्या. फिल्टरच्या बाटलीतली झाक पार गेली होती. ओढ्याची बाटली हिरवीच राहिली. त्यांनी खिशातून टी-शर्टाच्या कापडाचा तुकडा काढला आणि बाटलीला लावला.

“तंतोतंत जुळतंय,” त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. “पास.”

मॅनेजरांचा चेहरा उतरला, पण गडी सावरला लगेच.

“टाकीवर कोण असतं? त्याला बोलवा! ही सगळी त्याची हलगर्जी!”

मावशींनी डोळे मिटून घेतले. बोलवायची गरज पडली नाही. दीर आपणहून येत होता. टी-शर्ट काढून टाकलेला, अंगात नुसतं विटकं बनियन आणि हातात हिरव्या पाण्याची बाटली. ती त्याने मावशींच्या बाटलीला खेटून ठेवली. चिठ्ठीवर तीनच्या जागी चार ओळी होत्या आणि चौथी सगळ्यांत ठळक होती. ‘टाकीत न साठवता सोडायला सांगितलं: मॅनेजर साहेबांनी, तोंडी.’

“मला नंबर कळत नाही, वहिनी,” तो म्हणाला. “रंगाच्या ओळीत नुसतं ‘हिरवा’ लिहिलंय. चालेल का?”

“चालेल,” मावशी म्हणाल्या आणि त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या बाईंकडे वळवल्या.

बाईंनी कॅमेरा वर केला आणि त्या दोन बाटल्यांचे फोटो घेतले, चिठ्ठ्यांसकट. साहेब आडवे जाऊ लागले तेव्हा मशीनवाल्या बायका त्यांच्या वाटेत नुसत्या उभ्या राहिल्या.

“उद्यापासून दोघांनीही तोंड दाखवायचं नाही!” साहेब तिथूनच ओरडले. “आणि मावशी, तो कोट कंपनीचा आहे. इथेच काढून ठेवा!”

“कोट घ्या की,” मावशी म्हणाल्या. “डोळे मात्र घरी घेऊन जाईन. ते माझे आहेत.”

त्यांनी वरपासून एकेक बटण सावकाश सोडलं, कोट काढला, नीट घडी घातली आणि फलकावरच्या सहीच्या जागेवर ठेवला. कोटाखाली लालभडक ड्रेस होता. एका मशीनवालीने ते बघून शिट्टी वाजवली. मग तिने टेबलावरची एक बाटली उचलली, फिल्टरचं पाणी गेटजवळच्या झाडाच्या मुळाशी ओतलं आणि विचारलं, “मावशी, ओढ्यात नीट उतरायला कुठून होतं?”

“या,” मावशी म्हणाल्या, “दाखवते.”

त्या पुढे निघाल्या. मागे रिकाम्या बाटल्या घेऊन सगळा कारखाना चालत होता, आणि वाटेत कुणालाही मावशी कुठे आहेत हे शोधावं लागलं नाही.