बाजूच्या सीटवर

"सत्त्याऐंशीव्या वर्षी गाडी चालवायचीच कशाला तुम्हाला?" डॉक्टरीणबाईंनी विचारले.

"चालवायची नाही. बाजूला बसायचंय," हाल्वर म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी कोपऱ्यात बसलेल्या मारिविककडे पाहिले. आठवड्यातून चार दिवस हाल्वरच्या घरी येऊन त्याला आंघोळ घालणारी, औषधे देणारी, पायमोजे चढवणारी बाई ती. फिलिपिन्समधून कॅनडातल्या सास्काचेवानच्या या सपाट मुलखात येऊन तिला तीन वर्षे झाली होती.

"ऑफिसनं सांगितलंय, ऑगस्टपासून प्रत्येकीनं स्वतः गाडी चालवत घरोघर जायचं," ती हळूच म्हणाली. "नाही जमलं तर कामावरून कमी. मग माझ्या लेकीला इकडं आणायचे कागद पुन्हा अडकतील."

शिकाऊ लायसन्सवाल्याच्या शेजारी पक्के लायसन्स असलेला माणूस बसलाच पाहिजे, असा नियम. मारिविकच्या ओळखीत रविवारी रिकामा असणारा असा माणूस एकच होता, हाल्वर, आणि त्याच्या लायसन्सची मुदत एप्रिलअखेर संपत होती. डॉक्टरांच्या सहीशिवाय ती वाढणार नव्हती.

डॉक्टरीणबाईंनी त्याला तक्त्यावरची अक्षरे दोनदा वाचायला लावली, गुडघे तपासले आणि शेवटी सही केली. खाली लिहिले, 'फक्त दिवसाउजेडी.'

"बरोबर आहे," हाल्वर म्हणाला. "अंधार पडला की मला बसल्याबसल्या झोप लागते."

हाल्वरने स्वतः कधी परीक्षा दिलीच नव्हती. सोळाव्या वर्षी तो गावातल्या दुकानात गेला, तिथेच लायसन्स मिळे. दुकानदाराने विचारले, "चालवता येतं का?" हा म्हणाला, "मग बाहेरचा ट्रक इथवर आला कसा?" झाले.

त्यामुळे नियमांचे पुस्तक मारिविक वाचायची आणि तोंडी परीक्षा त्याचीच घ्यायची.

"लोलो, चौकात दोन गाड्या एकदम आल्या तर आधी कोणी जायचं?" तिच्या गावी आजोबांना लोलो म्हणत.

"ज्याचा ट्रक मोठा, त्यानं."

"चुकलं. उजवीकडच्यानं."

"म्हणजे सत्तर वर्षं मी नुसता नशिबानं वाचलो म्हण की."

पण पुस्तकात नसलेले त्याला पुष्कळ ठाऊक होते. खडीवर ब्रेक एकदम दाबायचा नाही. एक हरीण रस्ता ओलांडून गेले की दुसरे मागे असतेच. समोरून येणाऱ्याला स्टिअरिंगवरचे एक बोट उचलून नमस्कार करायचा, मग तो अनोळखी का असेना. मारिविक सगळे शिकली.

गेल्या सप्टेंबरात काढलेल्या शिकाऊ लायसन्सला नियमाचे नऊ महिने झाल्यावर, जूनमध्ये, ती परीक्षेला बसली आणि नापास झाली. परीक्षकाने कागदावर एकच चूक लिहिली होती. थांबायच्या पाटीपाशी गाडी हळू केली, पूर्ण थांबवली नाही.

बाहेर बाकावर वाट पाहत बसलेल्या हाल्वरने तो कागद वाचला आणि बराच वेळ घडी घालत राहिला.

"हे माझं आहे," तो म्हणाला. "मीच कधी थांबत नाही. बायको जन्मभर ओरडत होती."

"पाय माझा होता, लोलो."

"पाय तुझा, सवय माझी."

पुन्हा परीक्षेला दोन आठवडे होते. गावाबाहेरच्या चौकात ती दोघे जात. चारी बाजूंनी मैलोन् मैल रस्ता दिसे, कोणाचीही धूळ उडत नसे. तरी ती पाटीपाशी थांबे आणि हाल्वर मोठ्याने तीन आकडे मोजी. मग वळून पुन्हा. एका रविवारी त्यांनी एकोणचाळीस वेळा थांबून घेतले.

जुलैत ती पास झाली. काउंटरवरच्या मुलीने तिला फोटोसाठी पडद्यापुढे उभे केले. फोटो झाल्यावर मारिविक वळली, तर हाल्वर पाकिटातून आपले लायसन्स काढून मुलीपुढे ठेवत होता.

"हे परत घ्या."

"अजून मुदत आहे, आजोबा."

"ठाऊक आहे."

"एकदा परत केलं की पुन्हा हवं असेल तर परीक्षा द्यावी लागेल."

"ती मला जमायची नाही. हिला विचारा."

मारिविकने त्याचा दंड धरला. "असं नका करू. घरात ठेवा ना नुसतं."

"घरात असलं तर एखाद्या सकाळी मी किल्ली उचलीन," तो म्हणाला. "मी मला ओळखतो, पोरी."

लायसन्सऐवजी त्याला ओळखपत्र मिळणार होते. त्यासाठी त्याचाही फोटो काढायचा होता. मारिविकने त्याची कॉलर नीट केली, बोटांनी केस मागे सारले. तो ताठ उभा राहिला.

परतताना ती चालवत होती आणि हाल्वर बाजूच्या काचेतून बाहेर पाहत होता.

"हे जवस कोणाचं?" त्याने विचारले.

रस्त्याला लागून मैलभर जवस फुलले होते, आकाश सांडल्यासारखे निळे.

"मला काय विचारता? रस्ता तुमचा."

"मी आजवर समोरच बघत आलो ना. दुपारपर्यंत पाकळ्या गळतात याच्या."

मारिविकने इशारा दिला, गाडी कडेला घेतली आणि थांबवली. त्याच्या बाजूची काच खाली केली.

"मागून कोणी येतंय का बघ," हाल्वर म्हणाला.

"मी बघते, लोलो. तुम्ही फुलं बघा."

त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली आणि कोपर खिडकीत टेकवले.